एका महिन्यात दोन अवसा

तो पिक्चर मी परवा पुन्हा बघितला, आणि तोही आईला शेजारी बसवून. बुद्धी फिरली होती माझी, दुसरं काय!

दुपारची वेळ. जेवणं आटपलेली, आईच्या डोळ्यांत थेंब घालून झालेले. मुलगा घरूनच काम करत होता. पाणी प्यायला बाहेर आला तेव्हा ओटा पुसता पुसता त्याला सहज म्हटलं, "अरे, लहानपणी गावात एक हिंदी पिक्चर बघितला होता. नाव काही केल्या आठवत नाही. नदीपलीकडे बंगला असतो, त्यात एक बाई. तिचा नवरा तिला रोज सांगतो की पूल वाहून गेलाय, आता पलीकडे जाता यायचं नाही." त्याने फोनवर बोट फिरवलं, मला दोन-चार चित्रं दाखवली, आणि बघते तर टीव्हीवर तोच जिना, तीच पांढऱ्या साडीतली बाई. इतकी वर्षं मी ज्याचं नाव ह्याला-त्याला विचारत फिरले, तो पिक्चर चहाला उकळी यायच्या आत सापडला. पोरगा आपल्या खोलीत जाऊन दार लावून बसला. हॉलमध्ये आम्ही दोघीच राहिलो.

"आये, यो आठवतं का? गौरीच्या टायमाला बगला व्हता," मी म्हटलं.

आईने पडद्याकडे डोळे बारीक करून बघितलं. "देवाचा?"

"हां, तोच देवाचा."

दोघी हसलो. कितीतरी दिवसांनी एकाच गोष्टीला एकदम हसलो, तेवढं बरं वाटलं.

देवाचा म्हणूनच तो पिक्चर आमच्या विचुंबे गावातल्या घरात शिरला होता. गौरीचं जागरण होतं. काकांनी पनवेलच्या बाजारातून रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ भाड्याने आणला होता, पावसात भिजू नये म्हणून रिक्षात प्लास्टिकमध्ये गुंडाळून, मांडीवर तान्हं मूल घ्यावं तसा. रात्रभर मारामारीचे पिक्चर झाले. पुरुष माणसं पहाटे झोपायला गेली. मशीन परत करायला संध्याकाळपर्यंत वेळ होता आणि पिशवीत एकच कॅसेट उरली होती. तिच्यावर कुणीतरी बॉलपेनने देवीचं नाव लिहिलेलं. झालं! गोमाकाकी म्हणाली, देवीचा पिक्चर असा उघड्या तोंडाने बघायचा नसतो. तिने टीव्हीला हळदकुंकू लावलं, उदबत्ती लावली, बायांनी डोक्यावरून पदर घेतले, खिडक्यांना गोणपाट टांगून अंधार केला, आणि सगळ्या जणी हात जोडून बसल्या. पडद्यावर एक गोरा, गोड बोलणारा माणूस फाटकाला कुलूप लावत होता.

"देवी मागनं येल," काकी म्हणाली.

देवी आलीच नाही. मध्यंतर झालं तरी बाया वाट बघत होत्या. कॅसेटवाल्याने चुकीची कॅसेट चुकीच्या खोक्यात घातली होती, एवढं साधं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. आणि नंतर कुणाला देवीची आठवणही राहिली नाही, एवढ्या सगळ्या त्यात अडकल्या.

त्या दुपारचा वास अजून माझ्या नाकात आहे. उदबत्ती, ओलं गोणपाट, शेणाने सारवलेली जमीन, गौरीच्या तेरड्याची कोमेजत आलेली फुलं, आणि ते व्हिडिओचं मशीन तापलं की यायचा तो जळकट वास. मागच्या पडवीत हळदीच्या पानांतले पानगे वाफेवर होते, तो वास मधूनच सगळ्यांवर मात करून जायचा. पत्र्यावर पाऊस एवढा की पिक्चरातलं बोलणं ऐकू येईना. आणि ऐकू आलं तरी हिंदी कुणाला कळत होतं! हिंदी कळणारी अख्ख्या त्या खोलीत मी एकटी, शाळेत जाणारी.

"काय बोल्ला, काय बोल्ला?" बाया मला कोपराने ढोसायच्या. मी सांगायची. तो म्हणायचा, तुझी आई आजारी नाही, तुला भास झाला. मी म्हणायची, "तो बोलतंय, तुना भास झाला." तो म्हणायचा, रात्री पूल गेला. मी म्हणायची, "पूल गेला बोलतंय." आणि माझी आई, एरवी चारचौघींत तोंड न उघडणारी बाई, गुडघ्यावर उठून पडद्याला ओरडली, "अगो बाय, पूल हाय! जाऊन तं बग!" सगळ्या हसल्या, पण मग सगळ्याच ओरडायला लागल्या. त्या पांढऱ्या साडीतल्या बाईला ऐकू जाणार असल्यागत.

मला काय मजा येत होती म्हणून सांगू! मी जे सांगेन तेच पिक्चरात घडत होतं. एकदा तो नवरा नुसता खोकला, तर मी म्हटलं, "बोलतंय, बाय माजे, मी तुना फुलासारकी ठेवीन." बाया म्हणाल्या, बघा कसा लबाड.

शेवटाला वीज गेली. आमच्याकडे पावसात ती जायचीच. संध्याकाळ झाली, मशीन परत द्यायची वेळ आली, आणि बाया माझ्यामागे लागल्या, "मंग काय झाला तिचा?" जसं काही मी तो आधी बघून ठेवला होता. मी म्हटलं, "तिचा भाव येतो. तिना पुलावं नेतो. ती घरा जाते." बायांनी सुस्कारा सोडला. आईने पदराने डोळे पुसले आणि सुकट निवडायला उठली.

ते घर आता नाही. कसं गेलं, कुणी कुठे सह्या केल्या, धाकट्या भावाने कुणाला काय शब्द दिला होता, ते मी सांगत बसत नाही. विचुंब्यात आता कुणाची घरं राहिलीत म्हणून आमचं राहावं? तिथे इमारती उठताहेत, त्यांतली एक आमच्या जोत्यावर उठतेय. पण ते पाडलं त्या आठवड्यात आईच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि त्यासाठी ती माझ्याकडे नवीन पनवेलला आली होती, श्रावणात, पंधरा दिवसांच्या बोलीवर. अजून ती माझ्याकडेच आहे. आता पोपटीचे दिवस आले. संध्याकाळी खाली मैदानात पोरं मडक्यात वालाच्या शेंगा भाजतात, भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास पाचव्या माळ्यापर्यंत चढतो, आणि आई विचारते, "घरा कवा जायाचा?"

पहिलं खोटं भावाने माझ्या तोंडात घातलं. बाळा फोनवर म्हणाला, "ताई, आत्ता सांगू नको हां तिला. डॉक्टर बोललाय ना, डोळ्यात पाणी जायला नको? ती रडली तर ऑपरेशन वाया जाईल." डॉक्टरांनी नळाच्या पाण्याबद्दल सांगितलं होतं. पण आम्हाला ते रडण्याचं बरं सोयीचं पडलं. चार दिवस गप्प राहू, मग सांगू, असं ठरलं. त्या दुपारी मी एकटी रिक्षाने विचुंब्याला जाऊन आले. स्वयंपाकघराची मागची भिंत तेवढी उभी होती, आकाशी रंगाची, चुलीच्या वर काळी झालेली. कोनाड्यात मिठाच्या बरणीचा गोल डाग होता. एवढ्या उन्हात मी ती भिंत कधी बघितली नव्हती. परत आले तर आईने विचारलं, "खय गेली व्हतीस?" मी म्हटलं, "भाजीला, आई." आणि हातात भाजी नव्हती.

चार दिवसांचे आठ झाले. मग गौरी आल्या. भावाने गौर आपल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये बसवली. आईने विचारलं, घर सोडून तिथे का? मी म्हटलं, "घरात नाग निघालाय आई. सर्पमित्राला बोलावलंय." आई म्हणाली, "नाग निगाला तं निगाला. गौरीचा काय वाकडा करतंय तो? मी लगीन होऊन आले तवापासना तो हाय." आमच्या घराला एक नाग होता हेच मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. माझ्या खोट्यात खरा नाग निघाला!

मग पितृपक्ष आला. मी मनात म्हटलं, पंधरवडा तरी सुटले. आईला सांगितलं, "पितृपक्षात घर हलवायचं नसतं, आई." तर तिचं भलतंच. "अगो, पितर विचुंब्याला येतील ना! त्यांना काय म्हाईत, मी हितं पाचव्या माल्यावं बसलंय?"

"कावळ्यांना पत्ता लागतो, आई."

"तुजे कावले शिकलेले," ती म्हणाली आणि हसली. मीही हसले. खोटं बोलताना माणूस हसतो तसं नाही, खरोखरच हसले. हेच मला जास्त लागतं. मला जमायला लागलं होतं. मला त्यात मजा यायला लागली होती.

आणि मग तिचे डोळे चांगले झाले. लोकांच्या आयांचे डोळे चांगले झाले की लोक पेढे वाटतात. माझी पंचाईत झाली. स्वयंपाकघराच्या गॅलरीतून विचुंब्याची बाजू दिसते. आईला आधी तिथून नुसता उजेड दिसायचा. एका सकाळी ती गॅलरीत बसून म्हणाली, "तो लांब, उंच, पिवला, तो कनचा?" ती आमच्या घराच्या जागेवरची क्रेन होती. मी म्हटलं, "मोबाईलचा टॉवर आहे, आई." टॉवर फिरतो का कधी? हा फिरत होता. दुसऱ्या दिवशी मी तिची खुर्ची पुढच्या गॅलरीत नेऊन ठेवली. म्हटलं, इकडे ऊन चांगलं येतं, विमानं पण दिसतात. ती तिकडे जाऊन बसली, मांडीवर हात ठेवून. पाहुण्यांच्या घरी बसतात तशी बसली होती.

पण मला सगळ्यांत जाळतं ते अवसेचं.

माझ्या आईने तिथीसाठी कॅलेंडर कधी बघितलं नाही. तिला वाचता येत नाही म्हणून नव्हे; तिला गरजच नव्हती. माझा बा मिठागरावर होता, आणि दिवाळी झाली की आईही त्याच्या मागून जायची. मिठागराचं सगळं भरतीवर. अवस-पुनवेला उधाण, तेव्हा उघाडीचं दार वर करून खाडीचं पाणी आत घ्यायचं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी चढतच नाही, मग बांध लिंपा, मीठ पिकवायच्या कोंड्या साफ करा. आई पहाटे अंगणात उभी राहायची, तोंड खाडीकडे करून. नुसतं नाकाने. मग आत येऊन म्हणायची, "आज भांग हाय. भाकऱ्या कमी लागतील." बा पाणी बघून यायचा आणि तेच सांगायचा. पौषातल्या थंडीत आम्ही पोरं तिच्या मागून बांधावरून जायचो. मिठाची पहिली साय धरलेली असायची, पाण्यावर, पातळ. फळीने ओढली की खर्रर्र आवाज यायचा. आईच्या टाचांच्या भेगांत मीठ जायचं, ती पाय झटकायची आणि "हाय हाय हाय" म्हणत हसायची. दुपारी चिखलाचा एक गोडसर कुजका वास सुटायचा, तो अंगाला, केसांना, भाकरीलासुद्धा लागायचा. शाळेत पनवेलच्या मुली नाक दाबायच्या. मी घरी येऊन डोक्यावरून तीन-तीन तांबे पाणी ओतायची, तरी जायचा नाही. आता त्या वासासाठी मी कुठे जाऊ? मिठागरं बुजली, बांध बुजले. माती टाकून टाकून खाडी लांब गेली.

तर दिवाळीनंतर आई हट्टाला पेटली. लुगडी पिशवीत भरून दारात उभी. "आज मी जातंच." मी म्हटलं, "आज अमावस्या आहे, आज कुठे निघतेस?" ती खरी अवस होती. तिने पिशवी ठेवली. मग दहा-बारा दिवस गेले. पुन्हा पिशवी. पुन्हा दार. माझ्याकडे त्या दिवशी काहीही उरलं नव्हतं. नाग झाला होता, रंगकाम झालं होतं, रस्ता खणून झाला होता. कूकरची शिट्टी होत होती, दुकानातून फोन येत होता, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, आज अमावस्या आहे."

ती थांबली. "आवस? आज?"

"हो. कॅलेंडरवर आहे ना."

तिने अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला. एकदा, मग उलटा. खिडकीकडे तोंड केलं, नाक वर केलं. नवीन पनवेलच्या पाचव्या माळ्यावर खाडीचा कसला वास येतो! फोडणीचा आला असेल. "मना वाटला पुनव जवल आली," ती हळू म्हणाली. आणि मग, थोड्या वेळाने, "माजाच चुकला असंल. म्हातारी झाले."

पिशवी उचलून ती आत गेली. मी कूकर उतरवला, कांदा चिरला, दुकानातल्या बाईला फोन करून सांगितलं की फॉल-बिडिंगच्या साड्या उद्या देते. सगळी कामं बिनचूक केली. आयुष्यभर जिने समुद्राच्या पाण्याचा दिवस नाकाने ओळखला तिला मी दोन शब्दांत वेड्यात काढलं, आणि मला त्या वेळी वाटलं काय, तर सुटले बाई एकदाची. मला माझी शरम वाटते. आज वाटते, त्या दिवशी वाटली नाही, ह्याची तर दुप्पट वाटते.

म्हणून म्हणते, बुद्धी फिरली होती. नाहीतर मी तो पिक्चर लावलाच नसता.

माझ्या आठवणीत तो नवरा राक्षस होता. बघते तर तो आवाजसुद्धा चढवत नाही. तिच्या खांद्यावर शाल घालतो. तिचे केस विंचरतो. तिला औषध पाजताना तिच्या हनुवटीखाली हात धरतो, सांडू नये म्हणून. तासाभरापूर्वीच मी आईच्या डोळ्यांत थेंब घातले होते. तिची हनुवटी माझ्या तळहातावर होती, आणि मी म्हणत होते, वर बघ, वर बघ, शहाणी ना तू. मला सोफ्यावर बसवेना. मध्येच मी म्हटलं, "बंद करू का? डोळे दुखतील तुझे, आई." आई म्हणाली, "राव दे. शेवट बगायचा हाय."

ह्या वेळी वीज गेली नाही. शेवटी तिचा भाऊ खरंच येतो, तेवढं माझं बरोबर निघालं. पोलीस घेऊन येतो. नवऱ्याला नेतात. भाऊ तिला फाटकाबाहेर आणतो, धुकं सरतं, आणि समोर पूल उभा असतो, चांगला धडधाकट, त्याच्यावरून एक बस जात असते. ती बघते. बराच वेळ बघते. मग भावाला म्हणते, कशाला फसवता मला, पूल तर वाहून गेलाय. आणि आत जाऊन आतून कडी लावते. संपला पिक्चर.

नावं वर सरकत होती. 

"तू तं बोल्ली व्हतीस, ती घरा गेली."

"तवा लाईट गेली व्हती, आये. शेवट कुनीच नाय बगला. मी मनाचा सांगितला."

"मनाचा," आई म्हणाली.

मी टीव्ही बंद केला. खोलीतून मुलाचं मीटिंगमधलं इंग्रजी ऐकू येत होतं. आईने पदर नीट केला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "आज तिथी कनची?"

कॅलेंडर स्वयंपाकघरात असतं. मी उठले, दारापर्यंत गेले, तारखेच्या चौकोनातलं बारीक अक्षर वाचलं. तिला काहीही सांगता आलं असतं. एकादशी, ग्रहण, काहीही. ती मान हलवून गप्प बसली असती, आणि तेच मला सोसवेना.

"सप्तमी, आये."

"म्हंजे भांग जवल आला." तिने पेरांवर अंगठा फिरवला. "बराबर. मना बी तसाच वाटला व्हता." मग अंगठा तिथेच ठेवून, "आन् ती दुसरी आवस?"

"नव्हती, आये. ती आवस नव्हती."

आईने पेरांवरचा अंगठा काढला. "मी देवाला बोल्ले, डोले दिलंस न् डोका नेलास. त्या दिसापासना मी मोजाया बंद केला व्हता."

मी तिच्या पायाशी खाली बसले. आता मागे फिरायला जागा नव्हती. "घर नाय, आये. पाडला. तुजा ऑपरेशन झाला त्याच आठवड्यान."

"सगला?"

"सगला."

"चुलीची भिंत?"

"ती बी."

"मागचा शेवगा?"

मी नुसती मान हलवली. आई माझ्या डोक्यावरून समोरच्या काळ्या टीव्हीकडे बघत होती. "मना वाटला, बाल्याला काय झाला, तो हितं फिरकतंच नाय," ती म्हणाली. "मोटा रोग लागला आसंल त्याला, न् तुमी माज्यापासना लपवतंव. मी रोज त्याच्या नावाचा दिवा लावत व्हते." मला तो दिवा माहीत होता. मला वाटायचं, संध्याकाळचा आहे. चार महिने एक आई मरणाची नसलेली भीती घेऊन माझ्या घरात बसली होती, आणि मी तिला विमानं दाखवत होते.

"आता रडला तं चालंल ना डोल्याला?" तिने विचारलं. खरंच विचारलं, डॉक्टरला विचारावं तसं.

"चालंल, आये."

पण ती रडली नाही. मीच रडत होते. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो तसाच राहू दिला. मला वाटलं, मिटलं. शिव्या देईल, बाळ्याला फोन लावायला सांगेल, दोन दिवस जेवणार नाही, आणि मग आपण दोघी एकदा रिक्षाने विचुंब्याला जाऊ, ती जागा बघू. मी इतकं सगळं मनात रचलंसुद्धा. माझी सवयच ती.

"एक इचारू?" आई म्हणाली. "तू खोटा बोलतंस तवा मना 'आई' बोलतंस. खरा असला का 'आये'. शालेन जाया लागलीस तवापासना तसा हाय. तुना नाय म्हाईत?"

मला खरंच माहीत नव्हतं. मी मागचे सगळे महिने मनात उलटे फिरवले. नाग, कावळे, टॉवर, अवस. बरोबर होतं तिचं.

"तुजा बा गेला तवा त्याच्याजवल तू एकटीच व्हतीस," ती म्हणाली. "मना आनला नव्हता. तू हास्पितलातनं आलीस, माजे पाय धरलंस, न् बोल्लीस," आणि इथे तिने माझे शब्द माझ्याच शहरी उच्चारात, एकेक सुटा करून, इतकी वर्षं जपून ठेवलेले बाहेर काढले, "आई, बाबांनी शेवटी तुझं नाव घेतलं." मग पुन्हा आपल्या बोलीत, "जल्मान कवा नाव नाय घेतला त्याने माजा. आगो, आयकलंस, एवढाच. मी तवाच समाजले. बोल्ले, जाव दे, पोर माज्या जिवासाटी बोलतं. पन आज सांग."

ते खरं होतं. देवाशपथ खरं होतं. सकाळपासून मी डॉक्टरांशी, नर्सशी, खिडकीवरच्या माणसांशी बोलत होते, तीच भाषा तोंडात बसली होती, तीच घेऊन मी घरी आले, एवढंच. त्याचे ओठ सुकले होते. मी ओला कापूस लावत होते. त्याने डोळे न उघडता "हिरा" म्हटलं, पुन्हा "हिरा" म्हटलं, आणि मला क्षणभर कळलंच नाही तो कुणाला हाक मारतोय, कारण ते नाव मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते.

मी तिचे दोन्ही हात धरले. "खरा हाय, आये. तुजी शपत, आये. हिरा बोल्ला. दोनदा बोल्ला."

आई बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिला आता लांबचं-जवळचं सगळं स्वच्छ दिसतं. मग तिने आपले हात सोडवून घेतले.

"बरा," ती म्हणाली. "आता 'आये' बोलून बी खोटा बोलाया शिकलीस."